दात किती टिकेल आणि इन्फेक्शन झालं का, दोन्हीचं उत्तर परत न आलेल्या पेशंटकडे असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही डेंटल पीजी करताय आणि थिसिससाठी दोन विषय डोक्यात आहेत. पहिला, हिरड्यांच्या आजारात म्हणजे पिरिओडॉन्टायटिसमध्ये दात किती वर्षं टिकतात आणि ते प्रोग्नोसिस (पुढे काय होणार याचा अंदाज) कशावर ठरतं, आणि हे विभागातल्या जुन्या फाइल्स काढून करायचंय. दुसरा, नवीन इन्फेक्शन कंट्रोल प्रोटोकॉल लागू झाल्यावर काही फरक पडला का. पण त्यात अडचण अशी लिहिलीय की गेल्या दोनशे सर्जिकल एक्सट्रॅक्शनमध्ये (हिरडी कापून दात काढण्यात) एकही इन्फेक्शन नोंदलेलं नाही, मग दाखवायला उरतं काय.

मी बरीच वर्षं ओरल सर्जरीत काम करतोय, विभागाचं इन्फेक्शन कंट्रोल पण बघतो आणि फॉलो-अपच्या स्टडीज पण चालवतो, त्यामुळे मला हे दोन विषय वेगळे वाटतच नाहीत. दोन्हीकडे तुम्हाला एकच गोष्ट माहिती असायला लागते, की खुर्चीवरून उठून गेलेल्या प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. जे परत आले त्यांचं तर आपोआप कळतं, पण रिसर्च सगळा अडतो तो न आलेल्यांवर.

आधी त्या शून्याबद्दल बोलू, कारण शून्य बघून सगळेच खूश होतात आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. स्टॅटिस्टिक्समध्ये तीनचा नियम म्हणून एक साधी गोष्ट आहे. एखादी घटना n पेशंटमध्ये एकदाही दिसली नाही, तर खरा दर जास्तीत जास्त साधारण ३ भागिले n इतका असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. म्हणजे २०० मध्ये शून्य असेल तर खरा दर दीड टक्क्यापर्यंत असू शकतो, हजार पेशंटमागे पंधरा. हे सुद्धा कधी, तर दोनशेच्या दोनशे पेशंटना नंतर तपासलं असेल तर. तुमच्या केसपेपरवर किती जणांची टाके काढायला आल्याची नोंद आहे ते मोजा आधी. समजा ९० जण आले असतील, तर तुमचा n दोनशे नाही, नव्वद आहे, आणि वरची मर्यादा जाते सव्वातीन टक्क्यांच्या पुढे. उरलेल्या ११० मधला एखादा सूज आली म्हणून रात्री दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन अँटिबायोटिक घेऊन आलेला असेल तर तुमच्या फाइलला ते कधीच कळणार नाही. "नोंद नाही" आणि "झालं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि थिसिसमध्ये हे वाक्य लिहिताना हात थांबला पाहिजे.

शिवाय इन्फेक्शनची व्याख्या काय धरली होती? ड्राय सॉकेट हे इन्फेक्शन नाही, तिथे रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडं पडतं आणि प्रचंड दुखतं, पण कितीतरी फाइल्समध्ये त्याला इन्फेक्शन लिहिलेलं असतं आणि उलट खरा पस असलेला सॉकेट "हीलिंग" म्हणून सुटून जातो. सर्जिकल साइट इन्फेक्शनला ३० दिवसांची खिडकी धरतात, आपल्याकडे पेशंटला बोलावलेलं असतं सातव्या दिवशी आणि पुढचे तेवीस दिवस कोणीच बघत नाही.

आता हे सगळं झालं जखमेच्या इन्फेक्शनबद्दल. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे किंवा डेंटल युनिटच्या (खुर्चीला जोडलेल्या यंत्राच्या) पाण्यातून पेशंटकडे गेलेलं इन्फेक्शन तर अजून लांब लपतं, कारण ते दिसायला वेळ लागतो आणि दिसतं तेव्हा पेशंट दाताच्या डॉक्टरकडे जातच नाही. हिपॅटायटिस बीचा इन्क्युबेशन पिरियड साधारण ६० ते १५० दिवसांचा. तीन महिन्यांनी कावीळ झालेला माणूस फिजिशियनकडे जातो, त्याला अक्कलदाढ काढल्याचं आठवलं तरी ते कोणी विचारत नाही.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २०१५ मध्ये जे झालं ते प्रत्येक पीजीला माहिती असायला हवं असं माझं ठाम मत आहे. लहान मुलांच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये पल्पोटॉमी (दाताच्या आतल्या नसेचा वरचा भाग काढणं) झालेल्या मुलांना नंतर जबड्यात, मानेच्या गाठींमध्ये मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस या जंतूचं इन्फेक्शन झालं. हा टीबीच्याच जातकुळीतला पण पाण्यात राहणारा जंतू, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा. लक्षणं यायला आठवडे ते महिने लागले. मुलांना अ‍ॅडमिट करावं लागलं, ऑपरेशनं झाली. आणि हे पकडलं कोणी, तर एका हॉस्पिटलने, ज्यांच्याकडे अशी नऊ मुलं जमा झाली आणि त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. क्लिनिकमधल्या सातही युनिटचं पाणी तपासलं तेव्हा सगळीकडे जंतूंची संख्या मर्यादेच्या वर होती आणि हाच जंतू मिळाला. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला परत तसंच झालं. आता विचार करा, ती नऊ मुलं नऊ वेगवेगळ्या हॉस्पिटलांत गेली असती तर? त्या क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये इन्फेक्शनच्या रकान्यात तोपर्यंत शून्यच राहिलं असतं.

इटलीतली २०११ ची केस पण अशीच, ८२ वर्षांच्या बाई, लिजिओनेला या पाण्यातल्या जंतूच्या न्यूमोनियाने गेल्या, आजाराच्या आधीच्या दिवसांत घरातून बाहेर पडल्या होत्या त्या फक्त दाताच्या डॉक्टरकडे जायला, आणि त्यांच्या शरीरातला जंतू आणि डेंटल युनिटच्या पाण्यातला जंतू जीनच्या पातळीवर जुळला. आणि २००७ मध्ये छापून आलेला एक रिपोर्ट आहे ज्यात एका ओरल सर्जनकडे एका पेशंटकडून दुसऱ्या पेशंटला हिपॅटायटिस बी गेला, दोघांची सर्जरी एकाच दिवशी झाली होती, व्हायरसची जुळवणी करून ते सिद्ध झालं, पण चूक नेमकी कुठे झाली ते तपासणीत सापडलंच नाही. मला या केसमधली हीच गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण ते क्लिनिक वरवर बघता चांगलंच चालत होतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या विषयाचं माझं उत्तर असं, की "इन्फेक्शन कमी झाली का" हा प्रश्न एका विभागात, दीड वर्षात, सुटणारच नाही. घटना इतकी दुर्मिळ आणि इतकी उशिरा दिसणारी आहे की त्यासाठी लागणारा सॅम्पल साइज तुम्हाला मिळणार नाही. मोजायची ती प्रक्रिया मोजा. पाण्यातली कॉलनी संख्या (जिवंत जंतूंची मोजणी), स्पोअर टेस्टचे (ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, चिवट जंतू मारतो का याच्या चाचणीचे) रिझल्ट, हात धुण्याचं ऑडिट, हॅन्डपीस (ड्रिलचा हातात धरायचा भाग) प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह झाला की नाही. यातलं प्रत्येक आज मोजता येतं आणि आकडे शून्य नसतात, हे मी खात्रीने सांगतो. आणि प्रोटोकॉलच्या आधी एकदा, नंतर एकदा असं दोनच वेळा मोजू नका, कारण लोक तर आधीपासूनच जास्त काळजी घ्यायला लागलेले असू शकतात. दर आठवड्याला मोजत राहा, आधीचे बरेच बिंदू आणि नंतरचे बरेच बिंदू, म्हणजे रेषेचा कल बदलला का ते बघता येतं. इंटरप्टेड टाइम सिरीज म्हणतात याला, आणि कंट्रोल ग्रुप शक्य नसेल तेव्हा साध्या बिफोर-आफ्टरपेक्षा ही कितीतरी भक्कम असते.

हॅन्डपीसबद्दल थोडं थांबून लिहितो कारण इथे अजून भांडणं होतात. एअर रोटरचं डोकं उघडून बघितलंय का कधी? आत एक छोटी टर्बाइन असते, हवेच्या दाबाने लाखो फेऱ्यांनी फिरते, आणि पॅडलवरून पाय काढला की हवा बंद होते पण टर्बाइन क्षणभर तशीच फिरत राहते, त्या क्षणात डोक्यात दाब कमी होतो आणि तोंडातली लाळ, रक्त, दाताचा भुगा आत ओढला जातो. हवेच्या नळीत, पाण्याच्या नळीत, बेअरिंगमध्ये. पुढचा पेशंट बसतो, पॅडल दाबलं जातं, आणि ते सगळं बाहेर येतं त्याच्या तोंडात. अँटी-रिट्रॅक्शन व्हॉल्व्ह असतात पण ते झिजतात. आता तुम्ही बाहेरून स्पिरिटचा बोळा कितीही फिरवा, आतल्याला तो लागत नाही. वस्तूपासून इन्फेक्शनचा धोका किती यावर बांधलेल्या स्पॉल्डिंगच्या वर्गीकरणात हॅन्डपीस सेमी-क्रिटिकलमध्ये येतो, आणि त्या गटातल्या ज्या वस्तू उष्णता सहन करतात त्यांना उष्णतेनेच स्टरलाइज करायचं असतं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २००३ च्या डेंटल गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट आहे, हॅन्डपीस दोन पेशंटमध्ये हीट स्टरलाइज झालाच पाहिजे, पुसणं चालत नाही. स्लो स्पीडची मोटर सुद्धा त्यातच आली, ती लोक सोयीस्कर विसरतात. तुमच्या ऑडिटमध्ये फक्त एकच गोष्ट मोजायची ठरवली तर ही मोजा. दिवसात पेशंट किती झाले, विभागात हॅन्डपीस किती, आणि एका ऑटोक्लेव्ह सायकलला धुणं, तेल घालणं, पाऊच करणं, वाळणं धरून किती वेळ लागतो, एवढ्या गणितावरून कोणालाही काही न विचारता कळतं की प्रत्येक पेशंटला स्टराइल हॅन्डपीस मिळणं शक्य होतं का. आकडे जुळत नसतील तर रजिस्टरमध्ये काहीही लिहिलेलं असो.

ऑटोक्लेव्हबद्दल पण एक गोष्ट. पाऊचवरची पट्टी रंग बदलते म्हणजे वस्तू स्टराइल झाली असं नाही, पट्टीला उष्णता लागली एवढंच कळतं. साध्या ग्रॅव्हिटी ऑटोक्लेव्हमध्ये हॅन्डपीसच्या पोकळीतली हवा पूर्ण निघत नाही, हवा राहिली की वाफ पोचत नाही, म्हणून आतून पोकळ आणि पाऊचमध्ये घातलेल्या वस्तूंसाठी व्हॅक्यूमवाला क्लास बी लागतो. खरी परीक्षा जिवंत स्पोअरची, वाफेच्या ऑटोक्लेव्हला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, आठवड्यातून किमान एकदा, सोबत न तापवलेला कंट्रोल ठेवून. कंट्रोलमध्ये वाढ झाली नाही तर ती टेस्ट झालीच नाही असं समजायचं. आणि ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकात वीस मिनिटं बुडवून काढलेलं साहित्य स्टराइल नसतं, स्पोअर मरायला त्याला दहा तासांच्या आसपास लागतात.

पाण्याची मर्यादा नॉन-सर्जिकल कामाला दर मिलिलिटरला ५०० कॉलनी, पिण्याच्या पाण्याचीच. पण युनिटच्या नळ्या बारीक, पाणी सावकाश जाणारं, रात्रभर आणि सुट्टीच्या दिवशी साचलेलं, त्यामुळे आतून बायोफिल्म म्हणजे जंतूंचा चिकट थर धरतो आणि काहीच उपाय न केलेल्या नळीत आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. सकाळी दोन मिनिटं पाणी सोडून दिलं की काही वेळापुरता आकडा कमी होतो, बायोफिल्म जागची हलत नाही. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरलं म्हणून येणारं पाणी स्वच्छ होत नाही, ते त्याच नळीतून येतं ना. आणि हाड उघडलं की युनिटचं पाणी वापरायचंच नाही, वेगळं स्टराइल सलाइन. तुमच्या त्या दोनशे सर्जिकल एक्सट्रॅक्शनमध्ये बर (हाड कापायचं टोक) कशाच्या पाण्याखाली चालवला होता ते फाइलमध्ये लिहिलंय का? बहुतेक नसेल. तिथून सुरुवात करा.

आता दोन्ही विषयांना जोडणारी गोष्ट, आणि मला वाटतं तुमच्या थिसिसमध्ये खरा जीव इथे आहे. प्रत्येक पाऊचवर ऑटोक्लेव्ह नंबर, सायकल नंबर आणि तारीख लिहायची आणि पाऊच उघडला की तो नंबर पेशंटच्या फाइलमध्ये चढवायचा. काम दहा सेकंदांचं आहे. पण समजा स्पोअर टेस्ट फेल गेली, तर मागची चांगली टेस्ट ते ही फेल टेस्ट यामधल्या सायकली कोणत्या आणि त्यातलं साहित्य कोणत्या पेशंटला लागलं हे लगेच काढता येतं. हे नसेल तर फेल टेस्ट हातात घेऊन बसायचं आणि कोणाला फोन करायचा तेच माहिती नाही. आणि रिसर्चच्या भाषेत तो नंबर म्हणजे एक्सपोजरची नोंद, जी जवळजवळ कुठल्याच डेंटल रेकॉर्डमध्ये नसते.

आता पहिला विषय, प्रोग्नोसिस.

जुन्या फाइल्समधून करायचा असेल तर पहिला प्रश्न, तुमचा शून्य दिवस कोणता? काही पेशंट पहिल्या तपासणीपासून धरलेत, काही स्केलिंग-रूट प्लॅनिंग (दात आणि मुळांची खोल सफाई) झाल्यावर, काही फ्लॅप सर्जरीनंतर (हिरडी उघडून केलेल्या सफाईनंतर), असं झालं की सगळं खिचडी होतं. सगळ्यांसाठी आजाराच्या वाटेवरचा एकच टप्पा धरायचा, उदाहरणार्थ अ‍ॅक्टिव्ह थेरपी संपल्यानंतरची पहिली तपासणी, आणि प्रोग्नोसिस ठरवणारे सगळे घटक, पॉकेट (दात-हिरडीमधल्या फटीची खोली), हाडाची झीज, सिगारेट, शुगर, हे त्या दिवसाचेच घ्यायचे. दोन वर्षांनी काढलेला एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) शून्य दिवसाच्या रकान्यात भरायचा नाही, फाइलमध्ये तेवढाच मिळतोय म्हणून मोह होतो पण ते भविष्य बघून भविष्य सांगणं झालं.

मग गळती. आकडे घेऊनच बोलू. समजा १०० पेशंट आहेत, ५ वर्षांनी ६० सापडले, त्यातल्या ६ जणांचा किमान एक दात गेला. १० टक्के लिहून मोकळे व्हाल. पण जे ४० गायब आहेत त्यांच्यातल्या निम्म्यांचा दात गेला असेल तर एकूण २६ जण, म्हणजे २६ टक्के. सगळ्यांचे दात शाबूत असतील तर ६ टक्के. म्हणजे तुमचं उत्तर ६ पासून २६ पर्यंत किंवा त्याच्याही पुढे कुठेही असू शकतं आणि छापला जाणार १०. कॅप्लन-मायर कर्व्ह (काळानुसार किती दात टिकले याचा आलेख) काढला की हे सुटलं असं बऱ्याच जणांना वाटतं. १९५८ ची ती पद्धत उत्तमच आहे पण तिचं गृहीतक असं की जे मधे सुटले त्यांचा पुढचा धोका राहिलेल्यांसारखाच आहे. हिरड्यांच्या पेशंटमध्ये तसं असतं का? जो येणं बंद करतो तो बऱ्याचदा सिगारेट ओढणारा असतो, ब्रश नीट न करणारा असतो, किंवा दात हलायला लागला म्हणून कंटाळून दुसरीकडे जाऊन काढून आलेला असतो. आमच्या एका स्टडीत सुटलेल्या पेशंटना फोन करायला बसलो होतो तेव्हा एक आजी म्हणाल्या, "तो दात होय, तो तर मागच्याच वर्षी काढला, तुमच्याकडे यायला जमेना म्हणून." आमच्या शीटमध्ये तोपर्यंत तो दात जिवंत होता, शेवटच्या भेटीच्या तारखेला सेन्सॉर केलेला, म्हणजे तोपर्यंत शाबूत धरून पुढचा हिशोब सोडलेला. अशा फोननंतर टेबलातले आकडे बदलतात आणि जवळजवळ नेहमी वाईट दिशेलाच बदलतात.

या विषयातली सगळ्यात जास्त सांगितली जाणारी स्टडी बघा, १९७८ ची, हिर्शफेल्ड आणि वासरमन यांची. ६०० पेशंट, सरासरी २२ वर्षं फॉलो-अप. त्यातल्या ४९९ जणांचे शून्य ते तीन दात गेले, ७६ जणांचे चार ते नऊ, आणि २५ जणांचे दहा ते तेवीस. मला ही स्टडी मनापासून आवडते, इतका लांबचा फॉलो-अप ठेवणं ही तपश्चर्या आहे. पण त्यात कोण होते ते बघा, किमान १५ वर्षं त्याच ठिकाणी येत राहिलेले लोक. म्हणजे जे टिकले त्यांचीच ही गोष्ट. तुमच्या पेशंटला "ट्रीटमेंट केली तर तुमचे दात पण असेच राहतील" असं यावरून सांगता येत नाही, "ट्रीटमेंट केली आणि पंधरा वर्षं येत राहिलात तर" असं सांगता येतं.

याच स्टडीतून अजून एक गोष्ट शिकायची. दात जातात ते सगळ्यांच्या तोंडात सारखे विखरून नाही जात, थोड्या लोकांच्या तोंडात गठ्ठ्याने जातात. म्हणून २० पेशंटचे ५०० दात म्हणजे ५०० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एका तोंडातल्या दातांना सिगारेट एकच, शुगर एकच, ब्रश एकच. हे लक्षात न घेता कॉक्स मॉडेल (कोणत्या घटकाने दात जायचा धोका किती वाढतो ते काढणारं) लावलं की पी व्हॅल्यू खोटी खोटी छान येते. एका तोंडातले दात एकमेकांशी जोडलेले धरणाऱ्या पद्धती, म्हणजे फ्रेल्टी मॉडेल किंवा रोबस्ट स्टँडर्ड एरर वापरा, स्टॅटिस्टिशियनला पहिल्याच भेटीत "डेटा क्लस्टर्ड आहे" हे सांगा, नाहीतर तो बिचारा प्रत्येक ओळ वेगळा माणूस समजेल.

मेंटेनन्सचा सापळा तर फारच मोठा. "पाच वर्षं नियमित आलेल्यांचे दात जास्त टिकले" हे वाक्य किती पेपरांत वाचलं असेल. पण नियमित गटात जायला पाच वर्षं येत राहावं लागतं, आणि ज्याचे दात दुसऱ्याच वर्षी गेले तो यायचं बंद करणार, तो आपोआप अनियमित गटात पडणार. म्हणजे गट ठरतोय तोच मुळी निकालावरून. इम्मॉर्टल टाइम बायस याला म्हणतात. उपाय साधा आहे, एक सीमारेषा धरा, समजा पहिलं वर्ष. पहिल्या वर्षात किती भेटी दिल्या त्यावरून गट पाडा आणि दात गेले की नाही ते फक्त त्यानंतरचं मोजा. मेंटेनन्सचा फायदा खराच आहे असं मीही मानतो, पण अशा चुकीच्या गणिताने तो फुगवून दाखवायची गरज नाही.

निकाल म्हणून "दात काढला" धरताना पण जपून, कारण दात स्वतःहून फार क्वचित पडतो, तो कोणीतरी काढायचं ठरवतं. एक डॉक्टर ग्रेड टू हलणारा दात स्प्लिंट करून (शेजारच्या दातांना बांधून) ठेवतो, दुसरा ब्रिज करायचा म्हणून तोच काढतो. मग तुम्ही आजाराचं प्रोग्नोसिस मोजताय की डॉक्टरच्या स्वभावाचं? म्हणूनच २००७ मध्ये क्वॉक आणि केटन यांनी दात राहील का याऐवजी आजार स्थिर ठेवता येईल का यावर प्रोग्नोसिस बांधायचं सुचवलं. मॅग्वायर आणि नन यांचं नव्वदच्या दशकातलं काम पण वाचा, त्यात "गुड" म्हटलेले दात बहुतेक गुडच राहिले पण त्याखालच्या दर्जांचा अंदाज बराच कच्चा निघाला. आणि नेमका तिथेच तर पेशंट आपल्याला विचारतो ना, ठेवू की काढू.

२०१८ मध्ये छापून आलेल्या पिरिओडॉन्टायटिसच्या वर्गीकरणातलं ग्रेडिंग (आजार किती वेगाने वाढतो त्याचा दर्जा) वापरणार असाल तर चांगलंच, हाडाची झीज टक्क्यांत भागिले वय, पाव पेक्षा कमी ए, एकपर्यंत बी, एकच्या वर सी. चाळिशीतल्या माणसाची झीज ५० टक्के असेल तर सव्वा येतो, म्हणजे सी. रोज दहा किंवा जास्त सिगारेट, किंवा डायबेटिसमध्ये एचबीए१सी ७ किंवा वर, तरी सी. पण जुने पेशंट जुन्या एक्सरेवर आणि नवे सीबीसीटीवर (थ्री-डी स्कॅनवर) असं मिसळू नका. जास्त बारीक दाखवणारी तपासणी आली की काही पेशंट वरच्या स्टेजमध्ये सरकतात, खालच्या स्टेजमधले वाईट निघून गेले म्हणून ती सुधारलेली दिसते आणि वरच्या स्टेजमध्ये त्यातल्या त्यात बरे आले म्हणून ती पण सुधारलेली दिसते, प्रत्यक्षात एकाही माणसाचा एकही दात जास्त टिकलेला नसतो. फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे दाखवलंय.

दात जायचा धोका आकड्यात सांगणारं मॉडेल वगैरे बनवायचा विचार थिसिसमध्ये करू नका असं मी म्हणेन. करायचाच असेल तर ट्रायपॉडची (असं मॉडेल कसं मांडायचं याची) चेकलिस्ट आधी वाचा, २०१५ ची नाही, तिच्या जागी आलेली २०२४ ची ट्रायपॉड+एआय, डेटा गोळा झाल्यावर नाही, आणि फक्त सी-स्टॅटिस्टिक (जास्त आणि कमी धोक्याचे पेशंट किती नीट वेगळे होतात तो आकडा) देऊन थांबू नका, मॉडेलने २० टक्के सांगितलेल्या लोकांत खरंच शंभरातल्या विसांचा दात गेला का हे कॅलिब्रेशन दाखवा. पेशंटला खुर्चीवर सांगायचा आकडा तोच असतो.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. जुन्या फाइल्सवर प्रोग्नोसिस सोडून दिलं असतं, किंवा केलं असतं तर सुटलेल्यांना शोधून काढणं हेच मुख्य काम धरलं असतं. त्याऐवजी आजपासून पुढे, विभागात होणारी प्रत्येक सर्जिकल एक्सट्रॅक्शन घ्यायची, एकही न गाळता, निवडून घेतलेले पेशंट नकोत. शून्य दिवस सर्जरीचा. त्या दिवशी शुगर, सिगारेट, सर्जरीला लागलेला वेळ, आधी दिलेलं अँटिबायोटिक, सलाइन की युनिटचं पाणी, आणि सायकल नंबर. इन्फेक्शनची व्याख्या आधीच लिहून ठेवलेली. सातव्या दिवशी तपासणी, ज्याला त्या पेशंटच्या सर्जरीच्या दिवसाच्या नोंदी माहिती नाहीत अशा माणसाकडून. तिसाव्या दिवशी सगळ्यांना फोन, आलेल्यांनाही आणि न आलेल्यांनाही, आणि फोनवर "सगळं ठीक ना?" असं विचारायचं नाही कारण त्याला सगळे हो म्हणतात. "दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला दाखवलं का, काही गोळ्या घेतल्या का, सूज किंवा पस आला होता का" असं एकेक विचारायचं. संमतीपत्रात फोन करण्याची परवानगी आणि घरातल्या अजून एकाचा नंबर पहिल्याच दिवशी घ्यायचा, एथिक्स कमिटीला तसं आधी लिहून द्यायचं, नंतर हे सगळं मागता येत नाही. याच्याच बाजूला दर आठवड्याचं पाणी आणि स्पोअर टेस्ट चालू. म्हणजे एकाच रजिस्टरमधून दोन्ही प्रश्न निघतात, इन्फेक्शन कोणाला होतं आणि आपली व्यवस्था त्या आठवड्यात कशी होती.

गाइड म्हणतील सॅम्पल कमी आहे, पी व्हॅल्यू येणार नाही. त्यांना सांगा की मी दर आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल देणार आहे, आणि शंभरातल्या पंच्याण्णवांचा तिसाव्या दिवसापर्यंतचा हिशोब माझ्याकडे असेल. पाचशे फाइल्सच्या अर्धवट स्टडीपेक्षा दीडशे पेशंटची अशी स्टडी मी केव्हाही जास्त विश्वासाने वाचेन.

पाण्याचे सॅम्पल सुट्टीनंतरच्या सकाळी, पहिला पेशंट घ्यायच्या आधी घ्या, त्याच नळीतून एक पाणी सोडायच्या आधी आणि एक सोडल्यानंतर. स्टराइल बाटलीत, आत सोडियम थायोसल्फेट घातलेलं, नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं आणि लॅबचा रिपोर्ट उगाच छान येतो. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा, आणि लॅबला आधीच विचारून घ्या की आर२ए अगार (पाण्यातले जंतू वाढवायचं माध्यम) वापरणार ना. पाण्यातले जंतू सावकाश वाढणारे असतात, नेहमीच्या ब्लड अगारवर ३७ डिग्रीला एका रात्रीत बघून "नो ग्रोथ" लिहून आलेला रिपोर्ट मी तरी धरणार नाही.